व्यसनमुक्तीचा प्रश्न आणि वसतिगृहाची परंपरा

दारू सोडून व्यसनमुक्ती केंद्राबाहेर पडलेला माणूस कुठे जातो, हा या लेखाचा प्रश्न आहे. प्रश्न साधा दिसतो. पण आपल्या वस्त्यांच्या संदर्भात तो विचारला की मजुरी, जात, धम्म, कायदा आणि चळवळ या सर्वांची गाठ त्याच ठिकाणी पडलेली आहे असे लक्षात येते.

सुरुवातीला घरचेच उदाहरण देतो. माझे आईवडील ऊसतोड करीत. दोघांचा मिळून एक कोयता. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन कळंब तालुक्यातल्या आमच्या गावातून टोळी निघे, ती उन्हाळा लागल्यावर परत येई. वडिलांची दारू फडावरच वाढली. मी अकरावीत असताना मामांनी कर्ज काढून त्यांना एका केंद्रात ठेवले. महिन्याभराने ते परत आले तेव्हा हातांची थरथर थांबली होती, अंगावर मांस चढले होते, आणि मुख्य म्हणजे ते आमच्याशी बोलू लागले होते. दोन महिन्यांनी हंगाम सुरू झाला. जुनी उचल फिटायची होती, नवी घेतलेली होती. ते गेले. जानेवारीत आईचा निरोप आला, 'तुझ्या बापाची पुन्हा सुरू झाली.' नात्यातल्या सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला, या माणसाला मनच नाही. मीही तोच काढला. मी तेव्हा समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून शिकत होतो. माझे शिक्षण माझ्या मनोबलावर चालले आहे असे मला वाटत होते. वसतिगृह नसते तर मीही त्याच फडावर असतो, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. तो निष्कर्ष चुकीचा होता, आणि का चुकीचा होता ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

१

दलितांच्या दारूबद्दल प्रस्थापित समाज एका सुरात बोलतो : ही माणसे पितात म्हणून दरिद्री राहतात. या विधानातला कार्यकारणभाव इतिहासाने तपासला पाहिजे. गावगाड्यात घाणीची आणि मरणाची कामे ज्यांच्या वाट्याला आली त्यांना त्या कामाबरोबर दारूही आली. गटारात उतरणारा, मेलेले ढोर ओढणारा, शवविच्छेदनाच्या टेबलाजवळ उभा राहणारा माणूस आजही सांगतो की प्याल्याशिवाय हे काम होत नाही. लग्नात हलगी वाजवणाऱ्याला मजुरीबरोबर पेला दिला जाई. दारू पाजून काम करून घ्यायचे आणि मग 'पितो' म्हणून त्याला दूर ठेवायचे, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे.

तिच्यावर राज्यसत्तेने आपला महसूल उभारला. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने दारूचा व्यवहार सरकारच्या मुठीत आला. पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये वाढत्या दारूदुकानांना विरोध केला, तो याच पार्श्वभूमीवर. आपला धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या मुलखात होता. तिथेही अबकारी हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यात शिंदीची झाडे तोडणे हा राजकीय कार्यक्रम ठरला. झाड तोडले की थेट निजामाच्या तिजोरीवर घाव पडत होता.

पुढे स्वातंत्र्य आले. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात मादक पेयांच्या बंदीचे निदेशक तत्त्व आले. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. त्याच कायद्याच्या चौकटीत आज परवाने दिले जातात आणि उत्पादन शुल्क गोळा केले जाते. आपल्या भागात तर या अर्थकारणाचे वर्तुळ डोळ्यांनी पाहता येते. मजूर ऊस तोडतो. उसापासून कारखान्यात साखर होते आणि मळी उरते. मळीपासून स्पिरिट होते, स्पिरिटापासून देशी दारू होते, आणि ती बाटली संध्याकाळी त्याच मजुराच्या कोपीपर्यंत पोहोचते. त्याने दिवसभर तोडलेल्या उसाची मजुरी अशा रीतीने पुन्हा त्याच साखळीत जमा होते. जिथे देशी परवडत नाही तिथे काळा गूळ आणि नवसागराची हातभट्टी आहेच.

याचा अर्थ पिणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही असा होत नाही. व्यवस्थेला शिव्या देऊन कोणाची दारू सुटलेली नाही. मार खाणारी बायको, उपाशी झोपणारे मूल यांना व्यवस्थेचे विश्लेषण पुरत नाही. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी दारू पिणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला थारा देऊ नका असे बजावले होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शील तेच सांगते. म्हणजे व्यसनमुक्ती हा आपल्या मुक्तीच्या कार्यक्रमाचाच भाग आहे. प्रश्न आहे तो ही प्रतिज्ञा ज्याला पाळता येत नाही त्याचे आपण काय करतो, हा.

आपण त्याला लाजवतो. 'बौद्ध असून पितो' असे म्हणतो आणि विहाराच्या पायरीवरून परत पाठवतो. दुसरीकडे चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत, निवडणुकीच्या रात्री, साहित्य संमेलनानंतरच्या बैठकीत बाटली फिरते तेव्हा आपण गप्प बसतो. कार्यकर्त्याचे पिणे हे त्याच्या तळमळीचे लक्षण मानण्याचीही एक रीत आपल्यात पडली आहे. किती उमदी माणसे या रीतीने अकाली गेली, याचा हिशेब प्रत्येक तालुक्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे.

२

व्यसन म्हणजे काय हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. दारू मेंदूचा वेग मंद करते. रोज दारू मिळू लागली की मेंदू त्या मंदपणाशी झुंजण्यासाठी स्वतःला सतत चढ्या वेगात ठेवायला शिकतो. अशा माणसाची दारू एकाएकी बंद केली की मंद करणारे निघून जाते आणि वेग तेवढा उरतो. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप जाते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भास होऊ लागतात, माणूस भ्रमात जातो, आणि उपचार न मिळाल्यास दगावूही शकतो. म्हणून जुन्या पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू सोडवण्याचा प्रकार जीवघेणा आहे. हे पहिले आठ-दहा दिवस डॉक्टरच्या देखरेखीखालीच गेले पाहिजेत. मेंदू शांत ठेवणारी औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व यांनी हा टप्पा सुखरूप पार पडतो.

शरीरातली दारू अशी आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. ओढ मात्र उतरत नाही. ती जागेला, वेळेला, वासाला आणि माणसांना चिकटलेली असते. पगाराचा दिवस, गुत्त्याची वाट, दिवसभराच्या कष्टानंतरची अंगदुखी, जुन्या साथीदाराची हाक, यांतले काहीही ती जागी करते. हे महिनोन् महिने चालते, आणि पुन्हा पिण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वांत मोठा असतो. माझे वडील नेमके त्याच काळात फडावर गेले. मोडलेले हाड जुळायच्या आत त्याच पायावर त्यांना मोळी वाहायला लावली, आणि हाड पुन्हा मोडले तेव्हा दोष त्यांना दिला.

३

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचे काम झालेले नाही असे नाही. पुण्यात येरवड्याला २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झाले. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते उभे केले. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाची देणगी त्यामागे होती. त्या वेळी शहरांतून ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, पसरत होती. तिच्यात सापडलेल्या तरुणांसाठी ते आधी निघाले आणि मग दारूच्या रुग्णांचेही झाले. सुमारे पाच आठवड्यांचा निवासी उपचार, गटात बसून बोलणे, श्रम, योग, आणि घरच्यांनाही सोबत घेणे अशी त्याची रीत आहे. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे, आणि व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग आहे. यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिथे बरे झालेले रुग्णच पुढे समुपदेशक आणि कार्यकर्ते झाले. ज्याने ती आग अंगावर घेतली आहे त्याचे बोलणे दुसऱ्या जळणाऱ्याला पटते.

हेच सूत्र अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संघटनेचे आहे. अमेरिकेत १९३५ मध्ये एक दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलत राहिल्याने शुद्धीवर राहिले. त्यातून ही संघटना वाढली. १९५७ पासून ती भारतात आहे आणि तिच्या मराठी सभाही भरतात. फी नाही, जात विचारली जात नाही, आडनावही सांगावे लागत नाही. आपल्या समाजासाठी या शेवटच्या गोष्टीचे मोल वेगळे आहे. अडचण एका ठिकाणी येते. तिच्या बारा पायऱ्यांत ईश्वराची, मोठ्या शक्तीची भाषा आहे. ईश्वर नाकारून धम्म स्वीकारलेल्या माणसाने ती कशी बोलावी? या संघटनेने प्रत्येकाला त्या शक्तीचा अर्थ आपल्यापुरता लावण्याची मोकळीक दिली आहे. अनेक नास्तिक सभासद समोर बसलेल्या गटालाच ती शक्ती मानतात. आपल्यासाठी हा अर्थ परका नाही. त्याला आपल्याकडे संघ म्हणतात.

तरीही या सगळ्याची पोच किती आहे? दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले देशात सुमारे ५ कोटी ७० लाख लोक आहेत. दारूवर अवलंबून झालेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक. हा एक बहुधा कोण असेल आणि उरलेले १७९ कोणत्या वस्तीत राहत असतील, हे सांगण्यासाठी पाहणीची गरज नाही. आणि ज्याला उपचार मिळाला त्याच्याबद्दल पाचव्या आठवड्यानंतर विचारणारे कोणी नाही. मध्यमवर्गीय रुग्णाला परतण्यासाठी स्वतंत्र खोली असते, बाजूला पडू न देणारी नोकरी असते. आपल्या माणसाला परतण्यासाठी गुत्त्याला लागून असलेले घर आणि फिटायची उचल असते.

४

ही मधली जागा भरून काढण्याचा एक मार्ग जगात सापडला आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात सिल्व्हर स्प्रिंग या गावी १९७५ मध्ये सरकारी खर्चाने चालणारे एक वसतिस्थान बंद होणार होते. तिथे राहणाऱ्या दारूमुक्त माणसांनी ती इमारत स्वतःच भाड्याने घेतली आणि घर स्वतः चालवायचे ठरवले. त्याचे नाव ऑक्सफर्ड हाऊस. नियम तीनच : कारभार लोकशाही पद्धतीने, मतदानाने चालेल. भाडे आणि खर्च राहणारे वाटून उचलतील. जो पुन्हा पिईल त्याला घर सोडावे लागेल. डॉक्टर नाही, व्यवस्थापक नाही, राहण्याची मुदत नाही. आज अशी तीन हजारांहून अधिक घरे आहेत. तिथल्या संशोधकांनी उपचार घेऊन बाहेर पडलेल्या १५० जणांचे दोन गट केले. एक गट अशा घरांत गेला, दुसरा नेहमीप्रमाणे आपापल्या ठिकाणी. दोन वर्षांनी घरांतल्या गटात पुन्हा व्यसन करणारे ३१ टक्क्यांच्या आसपास होते, दुसऱ्या गटात ते ६५ टक्क्यांच्या आसपास. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आहे. उपचार दोघांना मिळाला होता. फरक राहण्याच्या जागेचा होता.

अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीने हा प्रश्न आणखी आधी ओळखला होता. माल्कम एक्स स्वतः तुरुंगात व्यसनातून बाहेर आला. नेशन ऑफ इस्लामचे व्यसनमुक्त कार्यकर्ते जुन्या अड्ड्यांवर जाऊन आपल्याच साथीदारांना कसे बाहेर काढीत, हे त्याने आत्मचरित्रात टप्प्याटप्प्याने सांगितले आहे. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये काळ्या आणि पोर्तो रिकन तरुणांनी लिंकन रुग्णालयात लोकांच्या हातचे व्यसनमुक्ती केंद्र सुरू करायला लावले. त्यात ब्लॅक पँथर होते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्या चळवळीचे नाव आणि त्वेष आपल्यापर्यंत पोहोचला, तिचे हे काम फारसे पोहोचले नाही.

५

पण हे सगळे सातासमुद्रापलीकडून आणण्याची गरज आहे का? वसतिगृह ही तर आपलीच परंपरा आहे. शाळेचे दार उघडले म्हणून अस्पृश्य मूल शिकत नाही, त्याला राहायला जागा लागते, हे शाहू महाराजांनी ओळखले आणि कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांची रांग उभी केली. १९२४ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे १९२५ मध्ये आपल्या शेजारच्या सोलापुरात काढलेले विद्यार्थी वसतिगृह. १९५० मध्ये औरंगाबादला निघालेल्या महाविद्यालयाने, आजच्या मिलिंद महाविद्यालयाने, मराठवाड्याच्या दलित पिढ्या घडवल्या, त्याही वर्गाइतक्याच वसतिगृहाच्या बळावर. आपल्यातला बहुतेक प्रत्येक पहिला पदवीधर हा आधी वसतिगृहाचा विद्यार्थी आहे. ही गोष्ट आजही मान्य आहे : ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा कोयत्यामुळे सुटते म्हणून २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांच्यासाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. मुलाची शाळा फडावर टिकत नाही हे शासनाला पटते, तर बापाची शुद्ध तिथे टिकणार नाही हे का पटू नये?

आणखी मागे गेलो तर संघ भेटतो. वर्षावासाचे तीन महिने भिक्खू एका ठिकाणी राहत. दर पंधरवड्याला उपोसथाला एकत्र बसत आणि झालेली चूक संघापुढे सांगत. निर्णय मताने होत. संघाला संसदीय कार्यपद्धती ठाऊक होती, याची आठवण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात करून दिली आहे. एकत्र राहणे, नियम स्वतः ठरवणे, चूक लपवायची नाही आणि शील रोज नव्याने घ्यायचे, ही व्यसनमुक्तांच्या घराचीच घडी आहे. पाचवे शील एकट्याने पाळावे अशी अपेक्षा बुद्धानेही केली नव्हती. म्हणून तर शरण जायच्या तीन गोष्टींत संघ आहे.

६

असे घर धाराशिव, तुळजापूर किंवा उमरग्याला काढायचे तर काय लागेल? आठ-दहा जण राहतील असे भाड्याचे घर. ते गुत्त्याच्या वाटेवर नसावे, आणि घरमालक जात विचारून भाडे नाकारणार हे धरूनच शोधायला निघावे. आधी रुग्णालयात दारू उतरवून आलेल्यालाच प्रवेश. प्रत्येकाने दिवसा काम करायचे, भाडे आणि शिधा वाटून घ्यायचा, स्वयंपाक पाळीने करायचा, रोज संध्याकाळी एकत्र बसायचे. बैठकीसाठी विहार आहेत. बहुतेक विहार आठवड्यातले सहा दिवस कुलूपबंद असतात, ते यासाठी उघडता येतील.

अमेरिकन नियमांतला एक आपल्याला बदलावा लागेल. पुन्हा प्यालेल्याला घराबाहेर काढणे बाकीच्यांसाठी आवश्यक आहे, पण आपल्याकडे त्याला रस्त्यावर सोडणे म्हणजे मरू देणे. त्याला रुग्णालयात पोहोचवायचे आणि शुद्धीवर आल्यावर त्याची जागा राखायची, असा नियम हवा. मारहाण, साखळी, कोंडून ठेवणे यांना तिथे थारा नसावा. उपचाराच्या नावाने माणसाला साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने निषिद्ध आहे. याच कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांना आजारात धरले आहे, आणि हाफ-वे होम, आधारयुक्त निवास यांची तरतूद ही शासनाची जबाबदारी ठरवली आहे. म्हणजे आपण भीक मागणार नसून कायद्याने कबूल केलेली गोष्ट मागणार आहोत. ती जिल्हाधिकाऱ्यांकडे, समाजकल्याण खात्याकडे लेखी मागितली पाहिजे. तोवर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे शासनाचे दूरध्वनी क्रमांक विहाराच्या भिंतीवर रंगवायला पैसे लागत नाहीत.

खरी अडचण कोयत्याची आहे. नवरा घरात राहिला तर बायको अर्धा कोयता ठरते. अर्ध्या कोयत्याला मुकादम नेत नाही किंवा नेलेच तर तिच्या अंगावर दोघांची उचल राहते. पुरुष बरा व्हावा म्हणून बाईने वेठ भरावी, हे आपल्याला चालणार नाही. म्हणून या घराचे काम ऊसतोड कामगारांच्या संघटनेच्या कामाशी जोडावे लागेल. त्या एका हंगामापुरती उचलीची फेड लांबवून घेणे आणि दोघांना गावाजवळ काम मिळवून देणे, हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. दारूदुकान बंद करण्यासाठी उभी बाटली आडवी करणाऱ्या स्त्रियांनाही हे सांगितले पाहिजे की दुकान बंद झाल्यावर ज्याचे हात थरथरतील त्याला नेण्यासाठी एक जागा आधी तयार हवी. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. सरकारचा निर्णय फिरू शकतो. आपण उभे केलेले घर आपल्या हातात राहते.

माझे वडील २०१३ मध्ये गेले. शेवटच्या वर्षात त्यांनी मला एकदा विचारले होते, 'तिथं होतो तवा माझी सुटली होती ना रे? मग हितंच का नाही सुटत?' तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी प्रश्न बरोबर विचारला होता. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या कार्यकर्त्याने, शिक्षकाने, तो आपल्या वस्तीत पुन्हा विचारावा आणि भाड्याच्या एका घराचा शोध सुरू करावा, एवढ्यासाठी हा लेख.